तोंडातलं वय

पोत्यांच्या कारखान्याच्या फाटकावर वय विचारत नाहीत, तोंड उघडायला सांगतात. मुकादम तर्जनी आत घालतो, खालच्या जबड्याच्या पार टोकापर्यंत नेतो आणि शेवटची दाढ बोटाला लागली की म्हणतो, "झाली मोठी. जा आत." नाही लागली तर, "घरी जा, दूध पी." मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका हसतात. त्याचा एक ठरलेला विनोदही आहे, तो दर पोरीला ऐकवतो. "अक्कल नसली तरी चालेल, दाढ पाहिजे."

ही पद्धत कुणी काढली ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या वस्तीत निम्म्या माणसांकडे जन्माचा दाखला नाही, त्यामुळे ती सगळ्यांच्याच पथ्यावर पडली. कुणी तपासायला आलं तर मालक छाती पुढे काढून सांगतो, आम्ही पोरंटोरं ठेवत नाही, अक्कलदाढ आलेली माणसं घेतो. आईबापांनाही बरं. पोरीला कामाला कधी लावायचं हे स्वतः ठरवावं लागत नाही, दाढ ठरवते. मी या फाटकासमोर घसा फुटेस्तोवर ओरडले आहे, दोनदा पोलिसांच्या गाडीतही बसले आहे. बोट काही थांबलं नाही.

दाभणमावशी या फाटकातून पहिल्यांदा आत गेली तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या, एवढंच तिला आठवतं. आणि बोटाचा तंबाखूचा वास. "तेव्हाच चावले असते तर बरं झालं असतं ताई," असं ती हसून सांगायची. फाटकी पोती शिवायचं काम तिच्याकडे. बसायची जागा खिडकीखाली, मांडीवर सुतळीचा गुंडा, हातात ते लांब दाभण. पुढे सगळा कारखाना तिला दाभणमावशीच म्हणायला लागला. तिशी-पस्तिशीची बाई, पण पाठ साठीची. नवरा धाकटी पाळण्यात असतानाच छातीच्या दुखण्यानं गेला. पोत्यांची धूळ, दुसरं काय. एकच खोली, एक पत्र्याची पेटी आणि दोन मुली.

थोरली जन्मली तेव्हा ही नवरा-बायको कारखाना सोडून रस्त्याच्या कामावर होती. आज इथे खडी, उद्या तिथे. त्या पोरीचा जन्म कुठेही नोंदलेला नाही. धाकटीच्या वेळी मात्र ती सरकारी इस्पितळात गेली, म्हणून धाकटीचा दाखला आहे. तो प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा पेटीत.

गेल्या वर्षी थोरलीचा गाल सुजला. रात्रभर कण्हली. सकाळी मावशीनं तिचं तोंड उघडून बघितलं, आणि मग डोक्याला तेल लावून, घट्ट वेणी घालून तिला फाटकावर घेऊन गेली. मला कळलं तेव्हा मी तिच्या दारात जाऊन तिला वाट्टेल ते बोलले. "पंधरा वर्षांची पोर आहे ती! शाळेतून काढलीस?"

"दाढ आली ना ताई," ती म्हणाली. जशी पाळी येते, पाऊस येतो, तशी. "माझी आली तेव्हा मीही गेलेच की."

"तुझ्या दाढेला काय कळतंय वयातलं?"

"मग कुणाला कळतंय?"

मी तरातरा निघून आले.

पुढे वर्षभरानं जे झालं ते फाटकावरच झालं. मुकादमापुढे एक नवी पोर उभी होती, अंगानं पाप्याचं पितर. त्यानं बोट घातलं आणि काढेच ना. पोरीला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी, आणि तो शांतपणे चाचपत होता. पोती उचलायचा लोखंडी आकडा हातात घेऊन थोरली शेजारून चालली होती. तिनं दोनदा सांगितलं, "सोडा तिला." तिसऱ्यांदा सांगितलं नाही. आकडा त्याच्या खांद्यात शिरला.

पोलिसांनी तिला चौकीत नेलं तेव्हा मावशी खिडकीखाली पोतं शिवत होती. कुणीतरी धावत येऊन सांगितलं. ती उठली ती दाभणासकट, आणि चौकीपर्यंत तशीच गेली. हवालदारानं आधी ते दाभण काढून घेतलं.

मला वाटलं होतं, पोर लहान आहे, बालगृहात ठेवतील, पुढचं बघू. पण मुकादमानं इस्पितळातल्या खाटेवरून जबाब दिला. "लहान कसली? दाढ मी स्वतः बघितली आहे. तिच्या आईनंच आणून दाखवली." मग सरकारी डॉक्टर आला. त्यानं कोठडीच्या गजाशी उभं राहून पोरीच्या तोंडात बॅटरी मारली, आणि कागदावर लिहून टाकलं की तिसरी दाढ, म्हणजे अक्कलदाढच, वर आलेली आहे, सबब वय अठराच्या पुढे. झालं. म्हणजे फाटकावर जे बोट होतं, तेच आता सही-शिक्क्यानिशी.

अठराच्या पुढे म्हणजे मोठ्या बायकांचा तुरुंग.

तो तुरुंग मावशीला ठाऊक होता. बाजाराकडे जाताना त्याची राखाडी भिंत लागते, वर काचा रोवलेल्या. आमच्याच गल्लीतली एक बाई त्या भिंतीआड जाऊन आली आहे. आता ती घरात दाराकडे पाठ करून बसत नाही. जेवतानासुद्धा ताट उचलून भिंतीला टेकते. का, ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही, आणि विचारायची आमची छाती झालेली नाही.

पहिल्या दिवशी कोर्टात आमच्या वकिलानं डॉक्टरच्या कागदावर हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दातांच्या डॉक्टरांचा दाखला आणा. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर मी हा कागद धरून चालेन."

आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलो. मावशीच्या हातात काही नव्हतं, तरी बोटं चालली होती. टोचायचं, ओढायचं, टोचायचं, ओढायचं. हवेतच पोतं शिवत होती बाई.

"ताई, उद्या त्यांनी परत तोंड उघडलं आणि परत तेच निघालं तर?"

"कसं निघेल? पोर सोळाची आहे. आहे ना?"

"हो. सोळाच." मग बोटं थांबली. "म्हणजे पूल बांधत होते तेव्हाची ती. का पूल होऊन गेला होता? मला ताप होता हो त्या साली. एक पोर आधी गेलेलं होतं, त्यानंतरचं सगळं असं... सोळाच असेल. नाहीतर सतरा."

"नाहीतर?"

ती परत बोटांवर मोजायला लागली. तोवर मला नुसता राग होता, आणि राग असला की मला बरं असतं. त्या पायरीवर पहिल्यांदा मला भीती वाटली. आपण उद्या ज्या तोंडावर सगळं लावणार आहोत, त्यात काय निघेल ते तिच्या जन्मदात्या आईलाही माहीत नाही.

"हे कुणापुढे बोलू नकोस," मी म्हणाले.

"तुमच्यापुढेच बोलले."

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. धाकटी कोपऱ्यात बसली होती, ओढणी डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली. समोर ताट तसंच.

"खा गं दोन घास," मावशी म्हणाली. "बहिणीच्या काळजीनं तू पण उपाशी मरू नकोस."

धाकटीनं मान हलवली.

"कालपासून नुसतं पाणी पितेय ताई. धसका घेतलाय. बोलत पण नाही."

"दात-बित दुखतोय का गं?" मी सहज विचारलं.

"नाही!" पोर इतक्या झटकन म्हणाली की मी दचकले. मग ओढणी आणखी पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, घाबरलेलं लेकरू आहे, आणि विषय सोडला. खोलीतली सगळीच माणसं घाबरलेली होती, कुणाच्या भीतीचं वेगळं काय बघायचं? थोरलीची उशी तशीच पडलेली. मावशीनं ती उचलली, झटकली आणि परत तिथेच ठेवली.

सकाळी दातांच्या इस्पितळात गेलो. लांब बोळ, भिंतीला टेकवलेल्या पोलादी खुर्च्या, आतून यंत्राचा किर्र आवाज. त्या आवाजानंच निम्मा जीव जातो माणसाचा. मावशीनं कागदांचा डबा उराशी धरला होता. धाकटीला एकटीला घरी ठेवायला मन होईना म्हणून तीही सोबत. थोरलीला दोन महिला पोलीस घेऊन आल्या. दोन रात्रींत पोरीचे डोळे खोल गेले होते. आईनं पुढे होऊन तिच्या तोंडावरून हात फिरवला, तर तिनं अभावितपणे तोंड उघडलं. सवयच लागली होती. जो तो तेच सांगत होता ना तिला.

दातांच्या डॉक्टरीणबाई सर्दीनं बेजार होत्या. रुमाल नाकाला, डोळे लाल. मी सुरू झाले. "हा अन्याय आहे, दाढेवरून वय ठरवणं म्हणजे..."

"तुम्ही भाषण करणार असाल तर ही खुर्ची घ्या, मी बाहेर बसते. मलाही जरा आराम."

एक पोलीसबाई फिसकन हसली. मी गप्प बसले. असं मला कुणी गप्प केलं की एरवी खपत नाही, पण त्या दिवशी तोंड आवरलं.

बाईंनी थोरलीला बसवलं, दिवा ओढला, बघितलं. मग जबड्याचा फोटो काढायला आत पाठवलं. फोटो येईपर्यंत मावशीनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

बाईंनी फोटो उजेडाच्या काचेवर लावला. "इकडे या. ही शेवटची दाढ. वर आलेली आहे, त्यात त्या डॉक्टरचं चुकलं नाही. पण खाली बघा. मूळ अजून पुरतं झालेलं नाही. टोक उघडं आहे, नळीसारखं. अठरा पूर्ण झालेल्या माणसात हे सहसा इतकं उघडं नसतं."

"म्हणजे सुटली?" मावशी म्हणाली.

"थांबा. मी एवढंच लिहिलं तर समोरचा वकील विचारेल, मूळ कच्चं तर दाढ वर कशी? पुस्तकात तर सतरा-अठराच्या पुढे येते असं दिलंय. मग बसलो आम्ही भांडत, आणि पोर तोवर तिकडे." त्यांना शिंक आली. "पुस्तकातलं वय कुणाची तरी तोंडं बघूनच लिहिलेलं असतं. ज्यांची बघितली, त्यांचं ते खरं. काही लोकांत ही दाढ चौदा-पंधराव्या वर्षी येते, काही लोकांत विशी उलटली तरी पत्ता नसतो. कुणाला जन्मात येत नाही. तुमच्या लोकांची तोंडं कुणी मोजली आहेत का? नाही. म्हणून मला या घरातलं दुसरं एक तोंड दाखवा. ज्याचं वय कागदावर पक्कं आहे, आणि दाढ लवकर आली आहे. मग मी उभी राहून सांगेन."

"कागद तर एकटीचाच आहे हो," मावशी म्हणाली. "पण ती लहान आहे. तेराची होऊन चौदावं लागलंय. तिला कुठली दाढ!"

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. क्षणभरच. आणि नजर काढून घेतली.

एका पांघरुणात झोपणाऱ्या बहिणी त्या. हिला काय दुखतं ते तिला आधी कळायचं.

मी वळून बघितलं. धाकटी भिंतीला चिकटली होती, दोन्ही तळहात तोंडावर. ओढणी सरकली होती, आणि डावा गाल उजव्यापेक्षा चांगला मोठा दिसत होता.

मावशीच्या हातातला डबा खाली पडला. "कधीपासून गं?"

धाकटीनं तळहात आणखी घट्ट दाबले.

"कधीपासून दुखतंय? मला का नाही सांगितलंस?"

"मी नाही जाणार फाटकावर!" धाकटी ओरडली. अख्खा बोळ आत डोकावला. "मला नको ते बोट. ताईची दाढ आली आणि तू तिला नेलंस. तेल लावून नेलंस. माझी नाही आली. काही नाही आलेलं माझ्या तोंडात!"

मावशी उभीच राहिली. तिच्या तोंडावर मारलं असतं तरी ती अशी दिसली नसती.

"तिला नका विचारू," थोरली खुर्चीतून म्हणाली. आवाज घोगरा. "राहू दे. मी जाते तिकडे. मला काही होत नाही."

"तू गप्प बस!" मावशी म्हणाली, आणि खाली बसली, धाकटीच्या पायांशी, फरशीवर. हात लावायला गेली आणि हात मागे घेतला. "बघ. मी हात नाही लावत. तुला फाटकावर नेणार नाही. ऐकतेस का? दाढ आली तरी नेणार नाही. तुझ्या सगळ्या दाढा आल्या तरी नाही."

"शपथ?"

"तुम्हा दोघींची."

"ताईला त्या भिंतीच्या आत नेतील?"

"तू तोंड उघडलंस तर कदाचित नाही नेणार. उघडलंच पाहिजे असं नाही."

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या, रुमाल खिशात कोंबला आणि दांडीला लावलेला छोटा गोल आरसा तिच्यापुढे धरला. "हे बघ, मी बोट घालत नाही. हा एवढा आरसा. दुखलं तर तो माझ्या हातातून काढून फेकून दे. आरसे बरेच आहेत माझ्याकडे."

धाकटीनं आरसा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, त्यात स्वतःचा डोळा बघितला. मग थोरलीकडे बघितलं. आणि तोंड उघडलं, जेवढं त्या सुजेत उघडेल तेवढं.

हिरडी फाडून अर्धी दाढ वर आली होती. पांढरी, नवी कोरी. भोवतीचं सगळं लाल.

मावशी वाकून बघत राहिली. मग तिनं स्वतःचा गाल बाहेरून चाचपला, अगदी मागे, कानाखाली.

"बाई," तिनं विचारलं, "म्हणजे मी पण तेव्हा... एवढीच असेन?"

"असाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित हिच्याहूनही लहान."

मावशीनं पदर तोंडात कोंबला. रडली मात्र नाही. डब्यातून पिशवी, पिशवीतून दाखला काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

दुपारी कोर्टात डॉक्टरीणबाई शिंकत शिंकत उभ्या राहिल्या. दोघी बहिणींच्या जबड्यांचे फोटो शेजारी शेजारी लावले. समोरचा वकील म्हणाला, "एका बहिणीवरून दुसरीचं वय काढणार का?" बाई म्हणाल्या, "वय मी मुळावरून काढतेय. बहिणीवरून एवढंच सांगतेय, की या घरात दाढ पुस्तकाची वाट बघत नाही." न्यायाधीशबाई बराच वेळ फोटो बघत होत्या. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सगळ्या शिव्या देऊन संपवल्या आणि मावशीनं हवेत एक अख्खं पोतं शिवलं. शेवटी त्या म्हणाल्या, मुलगी अल्पवयीन धरण्यात येत आहे, तिला बालगृहात ठेवा, आईला भेटू द्या.

खटला संपलेला नाही. मुकादमाचा खांदा बरा होईल, तो साक्षीला येईल, काय काय सांगेल ते आत्ता कुणी सांगावं? थोरलीला बालगृहाच्या दारात सोडून आलो. पण ती भिंत टळली.

दुसऱ्या दिवशी धाकटीची शाळा. शाळेची वाट फाटकावरूनच जाते, म्हणून मावशीनं मला बोलावलं. "सोबत या ताई. एकटीनं नाही जमायचं." धाकटीच्या गालात औषधाचा बोळा होता. फाटक दिसायला लागलं तसा तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

मुकादम बाहेर स्टुलावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. रांगेत पाच-सात पोरी. आम्हाला बघून त्यानं मान वर केली.

"काय मावशी. थोरली तर गेली. धाकटीची आली का नाही अजून?"

रांग हसली नाही. मावशी थांबली. तिची नखं माझ्या कोपरात रुतली होती, इतकी की मला ओरडावंसं वाटलं. मला राहवेना, मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझा हात आणखी आवळला.

मग ती धाकटीला म्हणाली, "हात काढ गं तोंडावरचा." आणि त्याच्याकडे वळून, चिरकलेल्या आवाजात, रांगेतल्या पोरींना ऐकू जाईल असं, "आलीय तिची. शाळेला निघालीय."

आम्ही पुढे झालो. वळणापर्यंत कुणी मागे बघितलं नाही. तिथे पोचल्यावर मावशी रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि म्हणाली, "थांबा जरा. पाय नाहीत मला." धाकटी दप्तर घेऊन उभी राहिली, तोंड किंचित उघडं. माझ्या कोपरावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. त्या मी चोळत बसले.